आंटी, ती प्रार्थना तुमची होती

लीलाम्मा आंटी,

तुम्हाला मातीत ठेवून आलो त्याच्या नवव्या दिवशी तुमच्या घरी प्रार्थनासभा झाली आणि तिथे माझं नाव पुकारलं गेलं. मी दाराजवळ चपलांच्या ढिगापाशी उभी होते. मला तिथेच उभं राहायला आवडतं, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तुमच्या सभेत उपदेश करणारे ब्रदर बोलत होते. तुमचं आजारपण, तुमची सहनशक्ती, सगळं नीट चाललं होतं. मग त्यांनी आवाज चढवला. "और जाते-जाते भी हमारी बहन एक आत्मा जीतकर गई. ऊपर के फ्लैट की हिंदू बेटी ने उसके बिस्तर के पास प्रभु को ग्रहण किया. हालेलूया!"

चाळीसएक माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. काही बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. एकीने माझा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. मी बहुतेक हसले, कारण कुणी बघितलं की मला हसू येतं.

वर येऊन मी हात धुतले. साबण लावून, दोनदा. त्या बाईची किळस नव्हती आली, ती बिचारी मनापासून रडत होती. 'जीतकर' या शब्दाची आली. जत्रेत बंदुकीने फुगा फोडून बक्षीस घेऊन यावं, तसा तो शब्द होता. आणि त्याहून जास्त किळस माझ्या त्या हसण्याची आली.

तुमची नर्सची नोकरी किती वर्षं झाली, तुम्ही केरळातल्या कुठल्या गावच्या, हे मी लिहिणार नाही. ते तुमच्या मुलाने, बिजूने, पेपरात छापून आणलं आहे, फोटोसकट. फोटोत तुम्ही चष्मा काढला आहे. चष्म्याशिवाय तुम्हाला कोण ओळखतं?

त्या दुपारी काय झालं ते तुम्हाला आणि मला दोघींनाच नीट माहीत आहे, आणि तुम्ही आता साक्षीला येणार नाही. बिजू तुमचं ऑक्सिजनचं सिलिंडर बदलून आणायला गेला होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत ब्रदर बसले होते. त्यांचं चांगलंही लिहायला हवं. मिसरोदहून रोज स्कूटरने ते यायचे आणि डायलिसिसच्या दिवशी तुम्हाला उचलून गाडीत बसवायचे. तुमच्या मुलाआधी ते हजर असायचे. तुम्ही प्रार्थना सुरू केलीत. एरवी तुमची प्रार्थना मल्याळममध्ये असायची, पण मी शेजारी असले की इंग्रजीत, कारण ती मला येते हे तुम्हाला ठाऊक होतं. रोजच्या भाकरीच्या ओळीपाशी तुमचा श्वास अडकला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी पुढची ओळ म्हटली. मग त्याच्या पुढची. आमेनपर्यंत.

बारा वर्षं रोज सकाळी कॉन्व्हेंट शाळेच्या असेंब्लीत हात जोडून मी ती म्हटली आहे. आमच्या वर्गात दोन तृतीयांश मुली हिंदू होत्या, पाच-सहा मुसलमान होत्या, आणि आम्हा सगळ्यांना ती प्रार्थना पाढ्यांसारखी पाठ होती. तेराचा पाढा म्हटला म्हणून तेरावर श्रद्धा बसत नाही. वर्गात कुणी कविता म्हणताना अडकलं की पुढची ओळ कुजबुजायची मला सवय होती. स्वतःची कविता म्हणायला मात्र मी कधी उभी राहिले नाही. त्या दुपारी मी कुजबुजले, इतकंच. ब्रदरनी कोपऱ्यातून 'थैंक्यू जीज़स' म्हटलं ते मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, तुमचा श्वास परत आला म्हणून म्हणताहेत.

तुम्हाला मात्र कळलं होतं. डोळे मिटूनच तुम्ही म्हणालात, "एकदम स्कूल जैसा बोला, मोळे. फटाफट. बीच में साँस भी नहीं लिया." मोळे म्हणजे तुमच्या भाषेत मुली. त्यानंतर तुम्ही मला आणखी एक विचारलंत. त्याचं उत्तर मी दिलं नाही.

सभेतल्या लोकांना वाटतं की आमच्यासारख्यांनी कधी ऐकलंच नाही, म्हणून आम्ही मानत नाही. ऐकलं की मानतील. आंटी, आमच्याइतकं कुणी ऐकलं आहे? बरखेड्याच्या त्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तुमची आणि आमची भिंत एक होती. तुमच्या रविवारच्या भजनांवर आमचे पोहे व्हायचे. कारखान्याचं आवार सोडून अवधपुरीत आलो, तेव्हाही दोन्ही घरांनी एकाच इमारतीत फ्लॅट बघितले. आम्ही ऐकलं, वाद घातला, आणि नाही म्हटलं. प्रत्येकाचं नाही वेगळं होतं.

आईचं सगळ्यात सोपं होतं. तुम्ही दिलेल्या कॅलेंडरवरचा येशू तिने नीट कापला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि देवघरात अन्नपूर्णेशेजारी ठेवला. कुंकूही लावलं. तुम्ही दिवाळीच्या फराळाला आलात आणि ते बघून कसनुशा झालात. "भाभी, ऐसा नहीं. उसको अकेला रखना पड़ता है." आईने खरोखर काळजीने विचारलं, "अकेला? मन कैसे लगेगा उसका?" तुम्ही हसलात, पण चकली तशीच हातात धरून बसलात. आईला तुमचा देव आवडला होता. बाकीच्या देवांना उठवायला सांगितलं असतं, तर मात्र तिने त्यालाच पुठ्ठ्यासकट आदराने परत केलं असतं.

खालच्या नसीम खाला तुमच्याआधी मरियमचं नाव घ्यायच्या आणि तेही किती अदबीने. तुमचा त्यांच्यावर जीव होता, पण तुम्ही दोघी जितक्या जवळ यायचात तितक्या अडकायचात. "ईसा अलैहिस्सलाम तो हमारे भी हैं, सिस्टर. लेकिन अल्लाह का बेटा? तौबा तौबा. उसको बेटे की क्या ज़रूरत?" आणि ते सुळावर चढलेच नाहीत, हे ऐकलं की तुम्ही कुकर बघायला आत निघून जायचात. कुकर नसला तरी.

बाबा कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. प्रत्येक जॉबबरोबर एक कार्ड फिरतं, प्रत्येक टप्प्यावर तपासणाऱ्याची सही असते, सही नसेल तर जॉब पुढे जात नाही. बाबा तुम्हाला म्हणायचे, "सिस्टर, तुमच्या पुस्तकात चार रिपोर्ट आहेत. एक म्हणतो कबरीपाशी एक माणूस होता, दुसरा म्हणतो दोन होते. हा जॉब मी पास कसा करू?" तुम्ही एका सेकंदात म्हणालात, "भाईसाहब, वार्ड में चार नर्स नोट लिखता है. चारों का सेम-सेम निकला तो समझना, एक ने कॉपी मारा." बाबा इतके हसले की चहा सांडला. "पॉइंट आहे," म्हणाले. आठवडाभर ऑफिसात सांगत होते. सही तरीही केली नाही. म्हणाले, "माणूस मेल्यावर उठला, हे मोठं काम आहे. मोठ्या कामाला मी जास्त तपासतो."

आणि मी. सोळा वर्षांची असताना, तुमच्याकडे केमिस्ट्री शिकता शिकता, मी विचारलं होतं की एकाने चूक करायची, शिक्षा दुसऱ्याने भोगायची, आणि त्याला न्याय कसं म्हणायचं. तुम्ही म्हणालात, "न्याय नहीं है वो. प्यार है." मी म्हटलं, प्रेमच असेल तर शिक्षा हवीच कशाला? सोडून द्यायचं. तुम्ही म्हणालात, "बाहर मुँह नहीं खुलता, इधर वकील बनती है." पुढच्या आठवड्यात सांगते म्हणालात. तो आठवडा आलाच नाही.

पण माझं खरं नाही तेही नव्हतं. ते आजीचं होतं.

आजीचं मला लिहावंच लागेल, आणि लिहिताना लाज वाटते. आजी आमच्या क्वार्टरमध्ये दहा महिने अंथरुणाला खिळून होती. तुम्ही रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी यायचात. तिची पाठ पुसायचात, जखमा साफ करायचात, घाण काढायचात. ते सगळं तिला चालायचं. पाणी चालायचं नाही. तुम्ही फुलपात्र भरून तिच्या ओठांशी नेलंत की ती तोंड फिरवायची आणि नागपुरी ठसक्यात आईला म्हणायची, "ह्यांच्या हातचं नको बाप्पा, तू दे." तुम्ही फुलपात्र आईच्या हातात द्यायचात, आई आजीला पाजायची. तुमच्यासमोर. दहा महिने. आई मान खाली घालायची, बाबा व्हरांड्यात जायचे, आणि मी दारात उभी राहून बघायचे. तुम्ही फुलपात्र भरायचं काम मात्र सोडलं नाहीत.

म्हणून जेव्हा कुणी छाती काढून म्हणतं की आम्ही धर्म विचार करून जपला, तेव्हा मला ओकारी येते. बाबांनी विचार केला होता. नसीम खालांनी केला होता. आमच्या आजीने तुमच्या देवाबद्दल एक मिनिट विचार केला नव्हता. तिला फक्त तुमच्या हाताचा विटाळ होता, आणि आम्ही तिला थांबवलं नाही.

आजी गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. शाळेत शिकवलं होतं की जे प्रभूला मानत नाहीत ते कुठे जातात. मी तुमच्या स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "आंटी, दादी कहाँ गई?" तुम्ही आप्पम काढत होता. तुम्हाला खोटं बोलता यायचं नाही, पेशंटलासुद्धा 'दुखेगा' असं सांगून सुई टोचायचात. तुम्ही गॅस बारीक केलात. मोठा केलात. आप्पम जळलं. मग म्हणालात, "खाना खाया?"

त्यानंतर मी दरवर्षी विचारलं. कधी भांडून, कधी नुसतं सहज. तुमच्या ओठांवर पुस्तकातलं उत्तर यायचं, मला दिसायचं ते, आणि तुम्ही ते गिळून टाकायचात. तेव्हा मला तुमचा राग यायचा. वाटायचं, एवढी धीट बाई, आणि इथे पळते.

आता गेल्या शुक्रवारचं सांगते. दुबेजी वर आले. आपल्या इमारतीचे अध्यक्ष झाल्यापासून ते खिशात दोन पेनं लावतात. त्यांच्या हातात हिंदीत टाइप केलेला अर्ज होता, पोलीस ठाण्याच्या नावाने. सभेतली ती घोषणा कुणीतरी मोबाइलवर घेतली होती आणि ती सगळ्या कॉलनीत फिरली होती. अर्जात लिहिलं होतं की दिवंगत लीलाम्मा, तिचा मुलगा आणि एक प्रचारक यांनी केक, फुकट शिकवणी आणि फुकट औषधोपचाराचं आमिष दाखवून अर्जदार मुलीला बहकवलं. अर्जदार मुलगी म्हणजे मी. खाली माझ्या सहीसाठी रेघ मारून ठेवली होती.

केक. आंटी, तुमचा तो मनुकांचा केक, जो दर नाताळात मधोमध बसायचा आणि तुम्ही वर साखर भुरभुरून झाकायचात.

बाबांनी तो कागद सावकाश, बोट फिरवत वाचला. "दुबेजी, एक आइटम छूट गया."

"क्या?"

"इंजेक्शन. आपके छोटे को निमोनिया हुआ था, चौदह दिन सिस्टर सुबह-शाम घर आकर लगाती थीं. वो भी लिखिए ना. लालच में."

दुबेजींचं तोंड लाल झालं, पण ते हटले नाहीत. माझ्याकडे वळले. "बिटिया, तुम बोलो. ईसाई बनी हो क्या?"

"नहीं."

"तो साइन करने में क्या दिक़्क़त है?"

"इसमें झूठ लिखा है."

"मतलब बन गई हो."

दुबेजींचा हिशेब ब्रदरसारखाच सरळ होता. खाली ब्रदरना माझ्या तोंडून हो ऐकायचं होतं, म्हणून त्यांनी ते ऐकलं. वर दुबेजींना माझ्या सहीने बहकलेली मुलगी हवी होती. मी स्वतः विचार करून नाही म्हटलं असेल, हे दोघांच्याही डोक्यात शिरत नव्हतं. दुबेजी उठताना म्हणाले, "सोमवार तक सोच लो. नहीं तो सोसाइटी अपनी तरफ़ से देगी. वीडियो तो है ही." ते गेल्यावर बाबा म्हणाले, "सही तुझी आहे. मी काही सांगणार नाही." पण त्यांचा आवाज घाबरलेला होता. असल्या अर्जाने इथे धर्मांतराचा गुन्हा लागून अटक होते, ते सगळ्यांना माहीत आहे. बिजूला बंगळूरला परत जायचं होतं, त्याची दोन लहान मुलं खाली तुमच्या पलंगावर उड्या मारत होती.

म्हणजे मला बोलायला हवं होतं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, मोबाइल चालू असताना. मी, जी रिक्षावाल्याला उरलेले सुटे मागू शकत नाही.

रविवारी तुमच्या घरी शेवटची प्रार्थना होती. ब्रदरनी निरोप पाठवला होता की मी माझी साक्ष द्यावी. मी गेले. चपलांपाशी न थांबता आत गेले. मी तुमच्या शिवणयंत्राला धरून उभी राहिले. दुबेजींचा मुलगा खिडकीबाहेर मोबाइल धरून होता, तोच निमोनियावाला. मी म्हटलं, "मुझे एक ही बात बोलनी है. मैंने प्रभु को ग्रहण नहीं किया. आंटी की साँस रुक गई थी, मैंने उनकी प्रार्थना पूरी की. वो प्रार्थना उनकी थी, मेरी नहीं. आंटी को मालूम था. उन्होंने मुझे कभी बदलने को नहीं कहा. केक देकर तो बिल्कुल नहीं."

कुणीतरी फसकन हसलं. बिजूने डोळे झाकून घेतले. ब्रदर प्रेमाने म्हणाले, "बेटी, तुम्हें पता नहीं चला. प्रभु ने तुम्हारी ज़बान इस्तेमाल की."

"ज़बान मेरी थी, ब्रदर."

एवढ्यावर मी निघायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी तोंड उघडलं होतं, तर विचारून टाकलं. "मेरी दादी नहीं मानती थी. वो कहाँ है?"

त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. एक श्वास पुरला. अध्याय, ओळ, नरकाची आग, सगळं त्यात आलं. शेवटी "दुख तो मुझे भी होता है, बेटी," हेही आलं, तितक्याच सराईतपणे. तेवढ्यात एक बाई नातवाच्या तोंडात बिस्किट कोंबत होती. मला पुन्हा तीच किळस आली, साबणाने न जाणारी. खरं-खोटं नंतर बघू, पण माझ्या आजीला ते इतक्या झटकन आगीत टाकून मोकळे झाले! तिची पाठ ज्यांनी कधी पुसली नाही, त्यांनी.

आंटी, जे उत्तर ते एका श्वासात देऊ शकले, ते तुम्ही तेरा वर्षं तोंडातून बाहेर काढलं नाहीत. आप्पम जाळलंत, कुकरचं निमित्त केलंत, खाना खाया विचारलंत. मी त्याला पळणं म्हणत होते. मला माफ करा.

मी अर्ज परत केला. दुबेजी आता जिन्यात माझ्याशी बोलत नाहीत, हे बरं झालं. सोसायटीचा अर्ज गेलेला नाही. व्हिडिओत मीच नाही म्हणते आहे, त्याचं त्यांना आता काय करावं कळत नसावं. ब्रदर मला भटकलेली म्हणतात असं कानावर आलं. बिजू जाताना तुमचा चष्मा मला देऊन गेला. का दिला, मी विचारलं नाही. कपाटात ठेवला आहे.

तुमच्या लोकांसमोर मी एक गोष्ट सांगितली नाही. त्या दुपारी 'फटाफट' म्हणून हसल्यावर तुम्ही माझा हात ओढलात आणि अगदी हळू, ब्रदरना ऐकू जाणार नाही असं विचारलंत, "दादी मिलेगी तो क्या बोलूँ?"

मिलेगी तो. तुमच्या पुस्तकाप्रमाणे ती तुम्हाला भेटायलाच नको होती. मी ते सभेत सांगितलं असतं तर ब्रदर गप्प झाले असते, पण ते वाक्य तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणं मला जमलं नाही. त्या दुपारी उत्तरही दिलं नाही, नेहमीसारखं. तुम्ही वाट बघितलीत आणि मग बिजू सिलिंडर घेऊन आला.

तुम्ही गेलात ते ठिकाण आहे, असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटत होतं, म्हणून सांगते. आजी भेटली तर काही बोलू नका. फुलपात्र भरा आणि तिच्या ओठांशी न्या. तिथे ते तुमच्या हातून घ्यायला आई नाही.